टाटेरा : एका रानउंदराच्या नावांचा इतिहास

महाराष्ट्रात जर्बिलाची एकच जाती आढळते. तिचे आजचे शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका. पठारावरच्या कोरडवाहू शेतांचे बांध, माळरान आणि खुरट्या झुडपांची पडीक जमीन ही तिची घरे. शरीर पंधरा ते वीस सेंटिमीटर, त्याहून लांब शेपूट, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा, टपोरे डोळे, पांढरे पोट आणि लांब मागचे पाय ही तिची ओळख. दिवसा हा प्राणी बिळात असतो. अंधार पडला की बाहेर येतो आणि घाबरला की लांब उड्या मारीत पळतो. जुईनगर, सानपाडा, नेरूळ या खाडीकाठच्या वस्त्यांत गटारांच्या कडेने दिसणारे उंदीर आणि घुशी टाटेराच्याच मोठ्या कुळातल्या आहेत, पण वेगळ्या उपकुलातल्या. लोक उंदरातच धरतात ती चिचुंद्री तर कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणीही नाही. ती कीटकभक्षी आहे.

टाटेरा ओळखायला अवघड नाही. गोंडेदार शेपटीचा, हरणासारख्या रंगाचा हा उंदीर एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही. तरीही गेल्या दोन शतकांत त्याला निदान दहा शास्त्रीय नावे मिळाली. त्यांतली काही स्वतंत्र जातींची होती आणि काही उपजातींची. एका नावाने तर त्याला भलत्याच प्राण्यांच्या गोतावळ्यात नेऊन बसवले होते. ही नावे कशी आली आणि कशी गेली, हा भारतातल्या प्राणिशास्त्राच्या इतिहासाचा एक छोटा पण भरगच्च भाग आहे. त्यातला बराचसा भाग मुंबई, खानदेश आणि धारवाड या टापूत घडला.

पुढे जाण्याआधी शब्दांची एक अडचण सांगायला हवी, कारण ती मराठीतच आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत एका प्रकारच्या प्राण्यांच्या समूहाला ‘जाती’ म्हणतात आणि निकटच्या अनेक जातींच्या गटाला ‘प्रजाती’. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात मात्र ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येतो. वर्गीकरणाचा इतिहास सांगताना हा घोटाळा परवडत नाही. म्हणून इथे विश्वकोशाचीच रीत पाळली आहे : टाटेरा ही प्रजाती, टाटेरा इंडिका ही जाती.

जर्बिल या नावातही एक जुनी गफलत दडली आहे. जर्बोआ हा आशिया आणि आफ्रिकेच्या वाळवंटांतला, कांगारूसारखा दोन पायांवर उड्या मारणारा प्राणी. त्याचे नाव अरबीतून युरोपीय भाषांत गेले. फ्रेंच अभ्यासकांनी त्याच नावाला लघुत्व देऊन ‘जर्बिल’ केले, म्हणजे ‘छोटा जर्बोआ’. १८०४ साली देमारे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने गर्बिलस ही प्रजाती स्थापन केली, तेव्हा हे नाते नावात पक्के बसले. प्रत्यक्षात दोघे वेगळ्या कुळांतले आहेत. लांब मागचे पाय, गोंडेदार शेपूट आणि उडीची चाल वाळवंटी राहणीमुळे दोन्ही वंशांत स्वतंत्रपणे आली. जर्बिलांच्या वर्गीकरणातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. या प्राण्यांच्या शरीरावर नात्यापेक्षा जमिनीची आणि हवामानाची छाप जास्त ठळक उमटते. एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती.

भारतीय जर्बिलाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८०७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले. लेखक टॉमस हार्डविक. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातला हा अधिकारी चित्रे आणि नमुने गोळा करण्यात आयुष्यभर रमला. त्याला हा प्राणी काशी आणि हरद्वार यांच्या दरम्यानच्या मुलखात मिळाला. उड्या पाहून त्याने तो जर्बोआच ठरवला आणि जर्बोआंच्या प्रजातीत घालून नाव दिले डिपस इंडिकस. प्रजाती चुकली, पण ‘इंडिकस’ हे जातिनाम टिकले. प्राणिनामांच्या नियमांत जुन्या नावाला अग्रमान असतो. म्हणून पुढच्या सगळ्या उलथापालथीत हार्डविकचा शब्द मागे उरला. बाकीची नावे त्याच्याभोवती येत-जात राहिली.

१८३८ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाउसने दक्षिण भारतातल्या जर्बिलाला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिअरचे नाव देऊन त्याची स्वतंत्र जाती केली. १८४३ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे याने आणखी एक जाती मांडली आणि तिला खुद्द हार्डविकचेच नाव दिले. हार्डविकने वर्णन केलेला प्राणी आणि हार्डविकच्या नावाचा प्राणी अशा दोन भारतीय जर्बिल-जाती आता कागदावर नांदू लागल्या. त्यांच्यातला फरक सांगायचा तर तो आकाराचा, रंगाच्या छटेचा आणि मूळ ठिकाणाचा. हाताशी नमुने थोडे, तेही लांबच्या प्रवासात उन्हापावसाने रंग उडालेले. अशा वेळी दोन टोकांकडून आलेली दोन कातडी वेगळी दिसावीत आणि मधला सगळा मुलूख डोळ्यांआड राहावा, हे स्वाभाविकच होते.

मधल्या मुलखाकडे पहिले नीट लक्ष दिले ते वॉल्टर एलियटने. हा मद्रास सनदी सेवेतला माणूस. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाडच्या भागात, त्याची सुरुवातीची नोकरी झाली. १८२४ साली कित्तूरच्या राणी चेन्नम्माच्या उठावात तो कैदही झाला होता. १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. तिच्या शीर्षकातच तिथल्या भाषांतली नावे दिल्याचा उल्लेख आहे. एलियटचे मोठेपण या नावांत आहे. कन्नड आणि मराठी बोलणारे शेतकरी, तसेच बिळे खणून उंदीर धरण्यात तरबेज असलेले वडार, यांना जे प्राणी वेगवेगळे म्हणून माहीत होते, त्यांची दखल त्याने शास्त्रीय यादीत घेतली. त्या टापूतून लंडनला गेलेल्या उंदरांना १८३७ साली ग्रेने नावे दिली, तेव्हा ‘गोलुंडा’, ‘मेलटाडा’, ‘कोक’ असे स्थानिक बोलीतले शब्द लॅटिनच्या रांगेत जाऊन बसले. गोलुंडा हे आज एका प्रजातीचे अधिकृत नाव आहे आणि मेलटाडा हे शेतातल्या मऊ केसांच्या उंदराचे जातिनाम. उंदीर ओळखण्याचे वडारांचे ज्ञान अशा रीतीने जागतिक नामावलीत कायमचे राहिले. ते सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

१८६७ साली रुडकीला छापल्या गेलेल्या जर्डनच्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात जर्बिलाची हिंदी, बंगाली, कन्नड अशी अनेक देशी नावे एकत्र येतात. हिंदी नावातला ‘हरना’ हा शब्द हरणाशी नाते सांगतो आणि इंग्रज लेखकही पुढे त्याला हरण-उंदीर म्हणू लागले. रंग आणि उड्या पाहिल्या तर नाव चपखल आहे. याच ग्रंथात जर्डनने हरियाणाच्या भागातली एक वेगळी जाती नोंदवली. वाळवंटी जर्बिल म्हणून आज ओळखली जाणारी मेरिओनिस हरियानी ती हीच. टाटेरापेक्षा ती लहान असते, दिवसाउजेडी वावरते आणि राजस्थान-कच्छच्या रेताड जमिनीत वसाहती करून राहते. १८७५ साली भूवैज्ञानिक ब्लॅनफर्डने बलुचिस्तानातून गर्बिलस नॅनस हा चिमुकला जर्बिल दिला. १८८६ साली कराचीच्या संग्रहालयात काम केलेल्या जेम्स मरेने सिंधमधून गर्बिलस ग्लेडोवी दिला. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होता, म्हणून हा जर्बिलही मुंबईच्या निसर्ग-अभ्यासकांच्या नकाशात येतो.

या दोन लहान जर्बिलांमधला एक फरक वर्गीकरणाच्या कामाची तऱ्हा दाखवतो. ग्लेडोवीच्या मागच्या पायाच्या तळव्याला केस असतात आणि नॅनसचा तळवा उघडा असतो. वाळूवर चालणाऱ्या प्राण्याला केसाळ तळवा उपयोगी पडतो, कडक जमिनीवर चालणाऱ्याला त्याची गरज नसते. अभ्यासकांनी या एका खुणेवर गर्बिलस प्रजातीचे उपगट पाडले. खूण सोयीची आहे, कारण भिंग घेऊन कोणीही ती तपासू शकतो. पण ती वंशाची आहे की जमिनीची, हा प्रश्न पुढची शंभर वर्षे सुटला नाही. कानामागच्या हाडाच्या फुगीर पोकळीचेही तसेच. मोकळ्या रखरखीत प्रदेशात राहणाऱ्या जर्बिलांत ती फुगते, त्यामुळे दूरवरचे मंद आवाज ऐकू येतात. फुगीर हाडाचे दोन जर्बिल भाऊ असतीलच असे नाही. ते केवळ सारख्या वाळवंटात राहणारे असू शकतात.

दातांवर अभ्यासकांचा भरवसा जास्त होता. जर्बिलांच्या वरच्या पटाशीच्या दातांवर बहुधा एक उभी खाच असते. मध्य आशियातल्या मोठ्या जर्बिलात दोन खाचा असतात, तर उत्तर आफ्रिकेतल्या एका प्रजातीत एकही नाही. दाढांच्या पृष्ठावर आडव्या पट्ट्या असतात. पण धान्य, बिया आणि मुळे खाता खाता दाढा झिजतात, आणि म्हाताऱ्या प्राण्याच्या दाढेवरची नक्षी तरण्या प्राण्याहून वेगळी दिसते. दोन वयांच्या दोन कवट्या समोर आल्या की दोन जाती झाल्याचा भास होई. तो भास ओळखायचा तर एकाच जागेच्या, सगळ्या वयांच्या पुष्कळ कवट्या लागतात. एकोणिसाव्या शतकात कोणाकडेच त्या नव्हत्या.

१८८२ साली फ्रान्सच्या फर्नांड लातास्तने भारतीय जर्बिलासाठी टाटेरा ही नवी प्रजाती केली. तिची प्रमाण जाती म्हणून हार्डविकची इंडिका ठरली. लवकरच आफ्रिकेतले मोठ्या अंगाचे, लांब शेपटीचे पुष्कळसे जर्बिलही टाटेरात गोळा झाले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे टाटेरा ही भारतापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेली प्रजाती समजली गेली. लंडनच्या ओल्डफील्ड टॉमसने १८९७ साली काही आफ्रिकी जर्बिलांसाठी टाटेराच्या पोटात गर्बिलिस्कस नावाचा उपगट केला. हे नाव त्या वेळी कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही, पण शंभर वर्षांनी त्याला महत्त्व येणार होते.

आता कथा मुंबईत येते. १८८३ साली आठ निसर्गप्रेमींनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सोसायटीच्या जुन्या सदस्यांत रॉबर्ट चार्ल्स रॉटन हा वनाधिकारी होता. १८७१ पासून १९०४ पर्यंत त्याने मुंबई इलाख्यात वनखात्यात काढली. त्या काळात त्याचा ध्यास मुंग्यांचा होता. निवृत्तीनंतर लंडनला गेल्यावर ब्रिटिश म्युझियमच्या सस्तन विभागात तो टॉमसच्या सोबतीने विनामोबदला काम करू लागला. पहिल्याच काही वर्षांत त्याने हाती घेतलेल्या विषयांत टाटेरा होता.

१९०६ साली रॉटनने टाटेराचा आढावा छापला. श्रीलंकेचा जर्बिल सिलोनिका म्हणून वेगळा केला, इराणच्या बाजूचे परसिका आणि बेलवर्डी हे वेगळे केले. आधीची इंडिका, क्युव्हिअरी, हार्डविकी ही होतीच. १९१७ साली सिंधमधून शेरिनी आणि १९१९ साली इराककडून पिटमनी या नावांची भर पडली. बारीक फरक दिसला की नाव द्यायचे, ही त्या काळची सर्वमान्य पद्धत होती. टॉमसने आयुष्यात सस्तन प्राण्यांना दोन हजारांहून अधिक नवी नावे दिली. रॉटन त्याच परंपरेत काम करीत होता. आज या नावांकडे पाहताना घाईचा आरोप करणे सोपे आहे, पण तो न्याय्य नाही. कातडी आणि कवट्या मोजून, फरक लिहून, प्रत्येक फरकाला ठिकाण जोडून ठेवल्याशिवाय पुढच्या कोणाला ते फरक खरे की खोटे हे तपासताच आले नसते.

शिवाय आपल्याकडे पुरेसे नमुने नाहीत, हे रॉटनला पुरते कळले होते. भारतातल्या सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. मुंबईत सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी तो उचलून धरला. मिलार्ड व्यवसायाने मद्यव्यापारी. त्यांच्या पेढीच्या जागेत, अपोलो स्ट्रीटवर, सोसायटीचे कार्यालय होते. सरकार, संस्थानिक आणि सामान्य वर्गणीदार यांच्याकडून पैसा उभा राहिला आणि १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू झाली. पहिला मुक्काम पडला खानदेशात. सी. ए. क्रंप नावाचा संग्राहक तिथे नेमला गेला. मग वऱ्हाड, धारवाड, कानडा, कच्छ, काठेवाड आणि पुढे साऱ्या भारताकडे, ब्रह्मदेशाकडे आणि सिलोनकडे काम सरकले. शॉर्टरिज, प्रेटर, बाप्टिस्टा, मॅककॅन ही त्यातली पुढची नावे.

पहिला मुक्काम खानदेशात पडला, हे जर्बिलाच्या दृष्टीने फार चांगले झाले. तापीचे काळ्या मातीचे खोरे, सातपुड्याचा पायथा आणि अजिंठ्याच्या डोंगरांचा उतार असे तीन प्रकारचे भूभाग तिथे एकमेकांना लागून आहेत. काशी-हरद्वारचा गाळाचा प्रदेश आणि मद्रासकडची तांबडी माती यांच्यामधला जो दख्खन इतके दिवस नकाशावर कोरा होता, तो आता भरू लागला.

पाहणीची कार्यपद्धती साधी आणि कडक होती. सापळ्यात सापडलेला प्राणी ताजा असतानाच डोके-धड, शेपूट, मागचा पाय आणि कान यांची मापे घ्यायची, कारण कातडे वाळले की आक्रसते. नर की मादी ते लिहायचे. गाव, उंची, तारीख लिहायची. कातडे सोलून कापसाने भरायचे आणि कवटी स्वच्छ करून त्याच क्रमांकाने कातड्याला जोडायची. क्रमांक चुकला की दोन्ही निरुपयोगी. निवडक नमुने लंडनला जात, जोडनमुने मुंबईत सोसायटीकडे राहत. रॉटन लंडनमध्ये ते तपासून एकेका प्रदेशाचा अहवाल लिही आणि तो सोसायटीच्या नियतकालिकात छापला जाई. १९२१ साली रॉटन वारला. तोवर त्याने पाहणीच्या निष्कर्षांचा सारांश काढण्याचे काम बरेच पुढे नेले होते.

या पाहणीतून निघालेली काही नावे मराठी मुलखाशी कायमची जोडली गेली. शेतातल्या मऊ केसांच्या उंदरांच्या प्रजातीला टॉमसने १९११ साली मिलार्डिया हे नाव दिले. बेळगावजवळ तळेवाडीच्या बारापेडे गुहांत प्रेटरला मिळालेल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाला १९१३ साली टॉमसने रॉटनचे नाव दिले. पुढे १९७५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले मिश्रा आणि धंदा यांनी मिलार्डिया प्रजातीची फेरतपासणी करताना सिंहगडावरचा उंदीर वेगळा असल्याचे दाखवले आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला मिलार्डिया कोंडाणा म्हटले. गडाच्या माथ्यापुरता मर्यादित असलेला हा उंदीर शेजारच्या शेतातल्या मेलटाडाहून वेगळा आहे, हे ठरवायला तुलनेसाठी मेलटाडाचे भरपूर नमुने हाताशी असावे लागतात. जुन्या पाहण्यांचे संग्रह अशा वेळी कामी येतात.

जर्बिलाच्या वर्गीकरणाला त्या काळी आणखी एक निकड होती, आणि ती प्लेगची. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि पाहता पाहता देशभर पसरला. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनची प्रयोगशाळा गेली. तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. उंदराच्या पिसवांमधून प्लेग माणसाकडे येतो, हे सिद्ध झाल्यावर कोणता उंदीर आणि कोणती पिसू हा प्रश्न जीवनमरणाचा झाला. मार्टिन हिंटनने १९१८ च्या सुमारास भारतातल्या घरउंदरांवर सविस्तर प्रबंध लिहिला, तो पाहणीच्या नमुन्यांवरच. पिसवांचेही तसेच झाले. उंदरावरची पिसू म्हणून एकच समजली जाणारी प्रत्यक्षात तीन जातींची निघाली. त्यांतली झेनॉप्सिला अॅस्टिया ही प्लेग पसरवण्यात कमकुवत असल्याचे सिलोनमध्ये हर्स्टने दाखवले. ही पिसू मुळात जर्बिलांची मानली जाते. ज्या शहरांत अॅस्टियाचे प्राबल्य होते तिथे प्लेग फारसा रुजला नाही, हे कोडे अशा रीतीने पिसवांच्या वर्गीकरणातून सुटले.

शहरातला प्लेग ओसरतो आणि काही वर्षांनी पुन्हा येतो, तो मधल्या काळात राहतो कुठे, याचे उत्तर शेतातल्या रानटी उंदरांत होते. इराणच्या पाश्चर संस्थेतले मार्सेल बाल्ताझार यांनी कुर्दिस्तानात दाखवले की तिथल्या मेरिओनिस जर्बिलांच्या दोन जाती प्लेगला दाद देत नाहीत आणि दोन जाती पटकन बळी पडतात. चारही जाती दिसायला जवळजवळ सारख्या. प्रतिकार करणाऱ्या आणि बळी पडणाऱ्या जाती एकाच टेकडीवर शेजारी राहतात, तेव्हा रोग पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रेंगाळतो. जातींची ओळख चुकली असती तर हा उलगडा झालाच नसता. १९६० साली बाल्ताझार आणि बहमान्यार यांनी भारतातल्या प्लेगचा अभ्यास छापला. त्यात रानातला प्लेग जपणारा प्राणी म्हणून टाटेरा इंडिका मध्यभागी होता. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची साथ आली, तेव्हा मराठवाड्यातल्या घरगुती उंदरांबरोबर रानउंदरांकडेही पुन्हा लक्ष गेले.

पाहणीने जमवलेल्या नमुन्यांचा खरा परिणाम मात्र अनेकांच्या अपेक्षेच्या उलट झाला. जितके नमुने वाढले, तितक्या जाती कमी झाल्या. गाळाच्या मैदानातला मोठा फिकट जर्बिल आणि दक्षिणेतला गडद जर्बिल यांच्यामध्ये दख्खनचे जर्बिल आले, तेव्हा रंग आणि मापे एकमेकांत मिसळू लागली. रेताड मातीवर फिका रंग, काळ्या मातीवर गडद. घार-घुबडांच्या नजरेतून वाचायला हा बदल उपयोगी आहे आणि तो फार झपाट्याने होऊ शकतो. वेगळ्या वंशाचा तो पुरावा ठरत नाही.

हा निवाडा छापून जाहीर केला तो सर जॉन एलरमन यांनी. जहाजकंपन्यांच्या अफाट संपत्तीचा हा वारस इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता, आणि त्याने आपले आयुष्य दिले कृंतकांना. १९४० पासून निघालेला त्याचा कृंतकांच्या कुळांवरचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो. १९४७ साली त्याने भारत, सिलोन आणि ब्रह्मदेशातल्या कृंतकांची ओळख-किल्ली छापली. १९५१ साली मॉरिसन-स्कॉटबरोबर युरेशिया आणि भारताच्या सस्तन प्राण्यांची यादी काढली. १९६१ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत त्याचा कृंतकांवरचा खंड आला. या कामात हार्डविकी, क्युव्हिअरी, सिलोनिका ही स्वतंत्र जातींची आसने सोडून टाटेरा इंडिकाच्या उपजाती झाल्या आणि पश्चिमेकडची नावेही त्याच एका जातीखाली आली. काशीपासून श्रीलंकेपर्यंत आणि सिंधपासून इराक-सीरियापर्यंत एकच जाती.

एलरमनचा निर्णय कवट्या आणि कातडी यांच्यावर होता. त्याच दशकांत आणखी एक साधन पुढे आले. पेशींमधली गुणसूत्रे मोजता येऊ लागली, आणि जर्बिलांनी त्यांत सगळ्यांना चकित केले. इस्राएलमध्ये वार्मन आणि झहावी यांनी १९५५ साली दाखवले की गर्बिलस गर्बिलस या जातीत मादीला ४२ आणि नराला ४३ गुणसूत्रे असतात. पश्चिम आफ्रिकेतल्या टाटेरिलस प्रजातीत तर कवटी, दात, रंग यांपैकी कशानेही वेगळे न काढता येणारे जर्बिल निघाले. त्यांच्यात मादीची गुणसूत्रे एका जातीत ३६ आणि दुसऱ्या जातीत २२ होती. अशा दोन जाती एकाच शेतात राहू शकतात आणि त्यांची संतती होत नाही. सोळा सेंटिमीटरच्या प्राण्याला बाहेरून न्याहाळून जे कधीच कळले नसते, ते पेशींच्या एका काचपट्टीने सांगितले. भारतात सारखे दिसणारे जर्बिल एकच निघाले होते, तर आफ्रिकेत सारखे दिसणारे अनेक निघाले. दोन्हीकडे डोळ्यांना दिसणारी खूण अपुरी पडली होती.

टाटेरा इंडिकाची गुणसूत्रे ६८ निघाली. टाटेरात धरलेल्या आफ्रिकी जातींची संख्या साधारण ३६ ते ५२ च्या दरम्यान भरली. एका प्रजातीत इतकी तफावत खटकणारी होती. दातांची आणि कवटीची फेरतपासणी झाली, १९९० च्या सुमारास रशियातल्या पाव्हलिनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्बिलांच्या साऱ्या प्रजातींची नवी मांडणी केली, आणि त्यानंतर जनुकांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा मिळाला. २००५ साली शेव्रे आणि दोबिन्यी यांनी छापलेल्या जर्बिलांच्या वंशवृक्षानंतर आफ्रिकी जाती टाटेराबाहेर काढण्याबद्दल फारसे दुमत उरले नाही. त्यांच्यासाठी नाव तयारच होते. टॉमसने १८९७ साली केलेला गर्बिलिस्कस हा उपगट आता स्वतंत्र प्रजाती झाला. भारतापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेली टाटेरा आटून एका जातीची झाली.

जर्बिलांच्या गटाची वरची जागाही इतक्याच वेळा बदलली. काही अभ्यासकांनी त्यांना हॅमस्टरांच्या कुळात घातले, काहींनी त्यांचे स्वतंत्र कूळ केले. आज ते उंदरांच्या म्युरिडी कुळातले एक उपकूळ आहेत. आफ्रिका-आशियातले काटेरी उंदीर हे त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक. या उपकुलात शंभराहून अधिक जाती मोजल्या जातात. पाळीव म्हणून दुकानांत मिळणारा मंगोलियाचा जर्बिल त्यांतलाच, मेरिओनिस प्रजातीचा. भारतात या उपकुलाच्या चार जाती आहेत : टाटेरा इंडिका, मेरिओनिस हरियानी, गर्बिलस नॅनस आणि गर्बिलस ग्लेडोवी. जर्डन, ब्लॅनफर्ड आणि मरे यांनी दिलेली तिन्ही नावे जशीच्या तशी टिकली आहेत. त्या तिघांना मिळालेले प्राणी शेजारच्या जातींहून स्पष्ट वेगळे होते. नावांचा सगळा गोंधळ झाला तो सर्वांत दूरवर पसरलेल्या टाटेराबाबत.

खानदेशातल्या पहिल्या मुक्कामापासून जमलेली कातडी आणि कवट्या लंडन आणि मुंबई येथील संग्रहांत आहेत. वाळलेल्या कातडीच्या तुकड्यातून आता जनुकीय द्रव्य काढता येते. रॉटनने वेगळ्या ठरवलेल्या आणि एलरमनने एकत्र केलेल्या जर्बिलांची तुलना त्याच नमुन्यांवर तिसऱ्यांदा करता येईल, ती प्रत्येक नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीमुळे. तिच्यावर शाईने लिहिलेले गाव, तारीख आणि चार मापे आहेत.